मेसच्या खिडकीतलं हसणं

ताट पुढे करणाऱ्या हातावरून मुलीचं मन ओळखता येतं, असा शांताक्काचा दावा आहे आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. हिचा पेपर अवघड गेला, हिचं घरी फोनवर भांडण झालं, ही आज अर्धीच भाकरी खाणार. धाराशिवच्या विद्यापीठ परिसरात मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर ती सतरा वर्षं सांभाळते. वय छप्पन्न, कपाळावर विभूती, पदर कमरेला खोचलेला, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. हाताखाली तीन बायका. इतक्या वर्षांत मुली वसतिगृह सोडून गेल्या त्या लग्न ठरलं म्हणून, नोकरी लागली म्हणून. मेसमुळे एकही गेली नाही, हे ती विचारलं नसतानाही ऐकवते.

तिचं माहेर सीमेपलीकडचं. घरात कन्नड, बाहेर मराठी. लोहारा-उमरग्याकडच्या मुली आल्या की तिची जीभ आपसूक कन्नडवर जाते आणि त्या मुली खिडकीपाशी रेंगाळतात. यंदाच्या नव्या मुलींत लोहाऱ्याची श्रीदेवी सगळ्यात बोलकी. भाकरी घेता घेता गावाकडच्या खबरी, कुणाची नक्कल, कुणाची टिंगल. मागे रांग खोळंबायची. शांताक्काला त्यात गैर वाटत नव्हतं. घरापासून लांब आलेल्या पोरीला आपल्या बोलीत चार शब्द मिळाले तर बिघडलं कुठं?

सप्टेंबरात विद्यापीठाने सौजन्य सप्ताह जाहीर केला. विद्यार्थी समितीने भिंतीवर रंगीत फलक लावले. ‘धन्यवाद म्हणा.’ ‘नव्यांना सामावून घ्या.’ एक फलक थेट मेसच्या खिडकीवर आला. शांताक्काने तो वाचला, वाफेने सुटत आलेला कोपरा दाबून बसवला आणि म्हणाली, “आमी सतरा वर्सं हेच करतो. कागद आज आला.”

तिसऱ्या दिवशी रेक्टर भुवनेश्वरी मॅडमनी तिला बोलावलं.

“बसा शांताक्का.”

“बसते कुठं, आमटी गॅसवर हाय. बोला.”

मॅडमनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिला सूचनापेटीत निघालेला, बिननावाचा. तो त्यांनी वाचून दाखवला : ‘मेसमध्ये वाढताना आमच्याकडे बघून कन्नडमध्ये हसतात. इथं आम्ही कुणाच्याच नाही.’ दुसरा वसतिगृह सोडण्याचा अर्ज. कारण, घरगुती. दोन्हीचं अक्षर एक.

“अक्षर काय दावता? नाव सांगा.”

“अर्पिता. तेरखेड्याची. एम.एस्सी. रसायनशास्त्र, पहिलं वर्ष. रविवारी आई न्यायला येतेय.”

“ती व्हय! ताट धुणारी!” शांताक्काच्या तोंडून निघून गेलं.

मेसची ताटं उकळत्या पाण्यातून निघतात आणि शांताक्का स्वतः चार उचलून बघते. बाकी मुली चळतीतलं ताट घेऊन सरळ खिडकीशी येतात. अर्पिता ताट घेऊन आधी नळावर जायची, विसळायची, उजेडात तिरकं धरून बघायची, तळहात फिरवायची आणि मग रांगेत उभी राहायची. रोज. शांताक्काला ते जुन्या जागी लागलं. तरुणपणी ती एका मोठ्या घरी स्वयंपाकाला होती. तिथली म्हातारी तिच्या हातची घासलेली भांडी तिच्यासमोर पुन्हा धुवून घ्यायची. तेव्हा ती गप्प बसली होती. आता गप्प बसायचं तिला कारण नव्हतं. तिने श्रीदेवीला कन्नडमध्ये म्हटलं होतं, आली बघ महाराणी, आपल्या हाताचा विटाळ धुवायला. दोघी हसल्या. पुढे शब्दांचीही गरज राहिली नाही. नळ सुरू झाला की खिडकीत हसू.

“तुम्ही हसलात का?” मॅडमनी विचारलं.

“हसले.”

“तिच्यावर?”

“मग काय भिंतीवर?”

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की अर्पिताच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. वडील कोंडीराम यांनी निघताना बजावलं होतं, जमलं तर शीक, पण एकदा परत आलीस तर पुन्हा पाठवणार नाही. रविवारी ती गेली तर शिक्षण संपलं.

“माझ्या मेसमुळं आजवर कोण गेलं न्हाय, मॅडम.”

“ही चाललीय.”

त्या दिवशी अर्पिता जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शांताक्काने श्रीदेवीच्या हाती ताट वर पाठवलं. ते जसंच्या तसं खाली आलं.

“बिस्किटं खाती,” श्रीदेवी म्हणाली. “दार बी अर्धंच उघडलं. आक्का, जाऊ द्या ना. जाणारी जाईल.”

“जाऊ द्या म्हणायला तू कोण? उद्यापासनं खिडकीत थांबायचं न्हाय. भाकरी घे अन् चालू पड.”

श्रीदेवी बघतच राहिली. शांताक्का तिच्यावर पहिल्यांदाच खेकसली होती. पण वर जाऊन अर्पिताशी बोलायला आक्काचेही पाय उचलले नाहीत. तिच्या मते दोष अजून पोरीचाच होता. हसणं चूक असेल, पण ताट धुणंही चूकच.

रविवारी सकाळच्या एसटीने अर्पिताची आई, लक्ष्मीबाई आल्या. वाळलेलं शरीर, धुवट लुगडं, बोलणं कमी. अर्पिताची ट्रंक दोरीने बांधून मेसच्या दाराशी आणून ठेवली होती. एवढ्या लांबून आलेल्या बाईने उपाशी परत जाऊ नये म्हणून मॅडमनी त्यांना जेवायला आणलं. चाळीसेक मुली जेवत होत्या.

लक्ष्मीबाईंनी चळतीतलं ताट उचललं आणि सरळ नळावर गेल्या. विसळलं, उजेडात तिरकं धरलं, तळहात फिरवला.

शांताक्काने पळी खाली ठेवली.

“ताई, ताट सोच्छ हाय की. काय दिसलं तुमाला त्यात?”

लक्ष्मीबाई ओशाळल्या. “काय न्हाय हो. हात जातोच. म्या तेरखेड्यातच फटाक्याच्या कारखान्यात वाती बसवायला जाते. केसातनं, लुगड्यातनं ती चंदेरी भुकटी घरी येती. ताटावर बसली तर नुसतं बघून दिसत न्हाय, तिरकं धरलं की चमकती. पोटात जाऊ नये म्हणून लेकरांना बारकेपणापासनं लावलंय, ताट इसळल्याबिगर घास घ्यायचा न्हाय. आता लग्नाच्या पंगतीत बी इसळते मी. लोक हसतेत.”

शांताक्का हात पुसून बाहेर आली. वाढण्याच्या वेळी ती खिडकीच्या या बाजूला कधी येत नाही, त्यामुळे जेवणाऱ्या मुलींचे हात थांबले.

“अर्पिता, इकडं ये.”

अर्पिता ट्रंकेपाशीच उभी राहिली. “इथूनच बोला.”

“बरं. तुझ्यावर हसले मी. काय म्हणाले ते आता मराठीत सांगते, समद्यांसमोर.” आणि तिने सांगितलं. महाराणी, विटाळ, सगळं. एक शब्द गाळला नाही.

पहिल्यांदा लक्ष्मीबाईच उसळल्या. “विटाळ? माझ्या पोरीनं? अहो बाई, एवढं तोंड हाय तुमाला, एक सवाल पुसता आला न्हाय?”

“न्हाय पुसला. चूक माझी.”

“मला वाटलं, माझ्या कपड्यांवर हसता,” अर्पिता म्हणाली. “मग वाटलं, बोलण्यावर. मी वर्गातसुद्धा बोलायचं बंद केलं. एकवीस दिवस हसलात तुम्ही.”

“मोजलेस?”

“मोजले.”

“मी पण हसले,” श्रीदेवी मधेच म्हणाली. “आक्का हसली म्हणून.”

“तू गप. तुझं मागनं बघते.” दोन-तीन मुली फिसकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. शांताक्का अर्पिताकडे वळली. “कन्नड मी सोडणार न्हाय. आईनं दिलेली बोली हाय ती. पण जिच्याबद्दल बोलायचं तिच्या तोंडावर बोलीन, तिला कळंल असं. आन् खिडकीत गप्पा बंद. जेवणं झाल्यावर मी टेबलावर बसंन, जिला बोलायचं तिनं तिथं बसावं. कुठल्या बी गावची असो.”

“मी ताट विसळणार.”

“इसळ. दोनदा इसळ. नळाला पाणी हाय तवर.”

अर्पिता हसली नाही. आईच्या ताटाशेजारी तिने आपलं ताट ठेवलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा जेवली. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तिसरी भाकरी शांताक्काने आणून वाढली, तीही तिने संपवली.

लक्ष्मीबाईंनी पाणी प्यायल्यावर विचारलं, “येतीस का ऱ्हातीस? दिवाळीचा हंगाम हाय, मी आज खाडा करून आले. पुन्हा खाडा जमायचा न्हाय.”

“बाबांना काय सांगशील?”

“सांगंन, पोरगी जेवत व्हती. मी एसटी धरली.”

अर्पिताने मॅडमकडे आपला अर्ज मागितला. फाडला नाही. त्यावर आडवी रेघ मारली, खाली ‘रद्द’ लिहून सही केली आणि तारीख घातली. “दुसरा कागदही द्या,” ती म्हणाली. मॅडमनी दिला नाही. तो समितीपुढे जाणार होता. शांताक्का म्हणाली, “जाऊ द्या. माझं नाव बी घाला त्यात.”

दुपारच्या गाडीने लक्ष्मीबाई एकट्याच गेल्या. ट्रंक दुसऱ्या मजल्यावर परत न्यायची होती. अर्पिताने एक कडी धरली. कुणी न सांगता श्रीदेवीने दुसरी धरली आणि पहिल्याच पायरीवर कण्हली.

“आई गं! काय भरलंस ह्यात, दगडं?”

“केमिस्ट्री.”

“मग हळू चाल बाई, उडायची.”

अर्पिता थांबली, तिने श्रीदेवीकडे नीट बघितलं. “तेरखेड्याच्या पोरीला उडण्याची भीती घालतेस?” ती म्हणाली आणि वरच्या पायरीवर पाय टाकला. “उचल.”