सुभेदारांच्या पदकाची कड

कडामामांनी पदकाचं तोंड कधीच आधी पाहिलं नाही. समोरचा माणूस मोठ्या अभिमानानं रुमालाच्या घडीतून आजोबांचं मेडल काढायचा, त्यावरचा राजा दाखवायला जायचा, आणि मामा ते चिमटीत उभं धरून त्याची कड फिरवायला लागायचे. "राजा समद्यांचा एकच हाय. मानूस कडंला ऱ्हातो," असं म्हणायचे. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण इंग्रजी ठशांनी मारलेली असते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी शिरूरच्या शाळेत इतिहास शिकवत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं, याची लाज आजही वाटते.

मामा दौंडचे. स्टेशनासमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. नव्वद सालानंतर सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आली आणि दुरुस्तीला कोणी येईना, तेव्हा डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी पदकांच्या जुन्या नादाला पुरतं लावून टाकलं. शिरूरच्या बाजारात भंगारवाल्यांच्या ढिगात हात घालून बसलेला हा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो तिथंच. पदक खरं की खोटं, एवढंच ते सांगायचे. पण सांगायची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकावी. एकदा गाडीतून एक पुढारी आले आणि त्यांनी पणजोबांचं म्हणून एक पदक टेबलावर ठेवलं. मामांनी भिंग लावलं, काट्यावर वजन केलं आणि ते परत दिलं. "ओतीव हाय ह्ये, साहेब. खऱ्यावरनं साचा काढून ओतलं की धातू आवळतो, नक्कल केसभर बारीक व्हती. कुनी दिलं तुमाला?" पुढाऱ्यांचा चेहरा पाहून मला कुठं तोंड लपवू असं झालं. ते गेल्यावर मी म्हणालो, "मामा, जरा गोड बोलायचं!"

"गोड बोलल्यानं त्ये मोठं व्हनार हाय का?"

राहू गावच्या एका सुनेनं सासऱ्यांचं पदक चिंच लावून, राखेनं घासून लखलखीत करून आणलं, तेव्हा तर मामा कपाळावर हात मारून ओरडलेच. "आवो बाई, ऐंशी वर्सांचा रंग धुतलात की!" ती बिचारी रडायला लागली. मग हेच गृहस्थ धावत जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आले आणि कडेवरची अक्षरं शाबूत आहेत म्हणून तिची समजूत घालत बसले. पाबळच्या एका घरानं भंगारात घातलेलं पदक ते एसटीनं जाऊन पोचवून आले होते. त्या घरातली म्हातारी काय म्हणाली, हे ते स्वतःच हसत सांगायचे: "पुन्यांदा आनलंसा व्हय!"

आता आमच्या घरचं. आम्ही वरवंडचे आणि गावात आम्हाला सुभेदार म्हणतात. आजोबा पहिल्या महायुद्धात इराकमध्ये बसऱ्याला लढले आणि सुभेदार होऊन परतले, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, पोस्टमनसुद्धा सुभेदार म्हणूनच हाक मारी. आबांनी गावच्या शाळेला कमान बांधून दिली आणि तिच्यावर आजोबांचं नाव हुद्द्यासकट कोरायचं ठरलं. तपशील चुकू नये म्हणून मामांना घरी मीच घेऊन गेलो. नसतं शहाणपण सुचलं होतं मला.

सरपंच आणि हेडमास्तर चहा घेत बसले होते. मामांनी कड एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. "पदक अस्सल हाय," ते म्हणाले. आबा खुलले. "पर चांदीचं न्हाई, ब्राँझचं हाय. लढनाऱ्यास्नी चांदीचं दिलं. ह्ये मजूर पलटनीचं. तुमचं वडील सुभेदार नव्हते, आबा. हमाल व्हते."

सरपंचांची बशी ओठांपाशीच थांबली. आबा उभे राहिले, त्यांनी दाराकडे बोट दाखवलं आणि मामा चहा तसाच ठेवून निघून गेले. त्यानंतर पंधरा दिवस आबा घरात कोणाशी बोलले नाहीत. पाथरवट दोनदा येऊन परत गेला. मग एका दुपारी ते एकदम म्हणाले, "दौंडला चल."

मामा वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पदकांची पेटी त्यांच्या मुलीकडे आहे, तिनं जपली आहे. पण मामा म्हटलं की मला ती दुपारच आठवते.

दुकानात स्टुलावर बसून आबांनी पदक पुढं केलं. आवाज अगदी खाली आला होता. "तुमच्याकडं ठसे आसतील. मजूर पुसा आन् सुभेदार मारा. कुनाला कळनार न्हाई."

कोणापुढं मान न वाकवणारा माझा बाप खोटेपणाची भीक मागत होता! वाटलं, आता मामा तोडून टाकणार. पण ते चिडले नाहीत. त्यांनी खणातून एक बारीक कानस काढली आणि आबांपुढं ठेवली.

"मी न्हाई मारनार. पर पदक तुमचं, बाप तुमचा. तुमी घासा."

आबांना इंग्रजी येत नव्हतं. "कुठनं?" त्यांनी विचारलं.

मामांनी त्यांचं बोट धरून कडेवरून फिरवलं. "हितं नाव. हितनं म्होरं पलटन. मधी जागा न्हाई बगा. पलटन घासाय गेलं तर नावाचं शेवटचं अक्षर जानार."

आबांनी कानस एकदाच ओढली. पिवळा ओरखडा उठला तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "काय काम व्हतं त्यास्नी?"

"बोटीतनं पोती उतरवायची. त्या उन्हात, खांद्यावरनं. कैक जन तितंच ऱ्हायले."

आबांनी कानस खाली ठेवली. त्यांचा हात आपल्याच उजव्या खांद्याकडं गेला. "आन्नांच्या हितं घट्टा व्हता," ते आपल्या वडिलांबद्दल म्हणाले. "मरूस्तवर गेला न्हाई. अंगुळीला पाट चोळताना रोज बगायचो. ते कवा काय बोलले न्हाईत. बंदुकीचा हाय, सुभेदार व्हते, आसं शाळंत मीच सांगत सुटलो. गावानं त्येच धरलं."

आणि साठी उलटलेले माझे आबा लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून कोणाला दिसू नये म्हणून मामांनी उठून शटर ओढून घेतलं. मग आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पदक मामांच्या हातात दिलं.

"पाथरवटाला द्यायला ह्ये मराठीत लिवून द्या. समदं. मजूर पलटन बी."