सायलेन्सरवाल्या लार्तेचे कान

गाडी वळणावर असतानाच अटा लार्ते, म्हणजे लार्तेबाबा, सांगायचा, मागचा डबा फुटलाय की मधला पाइप. टेशी गावात सायलेन्सरचं काम करणारे आणखीही होते, पण ते बिचारे गाडीखाली शिरून शोधायचे. लार्ते स्टुलावर बसून, मासा नि मक्याच्या पिठाची केंकी खात ओळखायचा. चाळीस वर्षं त्याने कानांच्या जोरावर घर चालवलं आणि त्याचा तोराही काही कमी नव्हता. ड्रायव्हरने तक्रार सांगायला तोंड उघडलं की म्हणायचा, "तू गप बस रे, तुझी गाडी सांगतेय मला."

पुजाऱ्यांनी सणाचा मका पेरला आणि तो निवांत उगवावा म्हणून दरवर्षीसारखा गावात शांततेचा महिना लागला. ढोल बंद, चर्चमधले कर्णे बंद. मासळीबाजारातल्या बायकासुद्धा हळू बोलायला लागल्या, म्हणजे बघा. लार्तेने हातोडीच्या तोंडाला चामड्याचा तुकडा बांधला. रीत म्हणजे रीत. फक्त त्याला वाटायला लागलं, यंदा लोक आपल्याशी तुटक वागताहेत. ओठ हलवतात आणि चालू पडतात. घरात देदेई, त्याची बायको, तीही घुमी झाली होती. कशावरून फुगलीय कोण जाणे, असं म्हणून त्याने विषय सोडून दिला.

एका सकाळी ओकायले तिची व्हॅन घेऊन आली. धुरावर वाळवलेले मासे ती गावोगाव पोचवायची. व्हॅन अशी गरजत होती की गावच्या प्रमुखाच्या माणसांनी तिला वाटेत अडवून बजावलं होतं, पुन्हा ऐकू आली तर महिना संपेपर्यंत गाडी दारात उभी.

लार्तेने मागचा डबा बघितला. गंजून भोक पडलेलं. पत्रा लावून वेल्डिंग केलं, गाडी चालू करायला लावली, मान तिरकी केली आणि म्हणाला, "गेला आवाज." ओकायले खिडकीतून काहीतरी बोलली. त्याने मान डोलावली.

अर्ध्या तासात व्हॅन परत दारात.

"चौकापर्यंतच गेले, अटा," ओकायले खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. "प्रमुखाचा तो म्हातारा माणूस काठी आडवी घालून उभा. हातापाया पडले तेव्हा तुमच्याकडे यायला सोडलं. पुढून फटफटतेय म्हणून सांगितलं होतं की मी. तुम्ही हो म्हणालात."

"गाडी ठीक आहे. घेऊन घरी जा."

ओकायलेने चालू इंजिनाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात देदेई जेवण घेऊन आली. तिने टोपली खाली ठेवली, नवऱ्याचा दंड धरून त्याला पत्र्याच्या आडोशाला नेलं आणि कानाशी तोंड लावलं.

"अहो, ती गाडी अजून गरजतेय. तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला?"

"तीन वर्षं झाली. एरवी मी घसा फोडून बोलते ते काय हौस म्हणून? गल्ली मला कजाग म्हणते. म्हणू दे म्हटलं. गाड्यांचं अर्धं तुमचे हात ओळखतात, अर्धं तुम्ही गप बस म्हटलं तरी ड्रायव्हर बोंबलून सांगतात. या महिन्यात कोण बोंबलणार? मी तरी कशी ओरडू?"

लार्तेला आधी रागच आला. हिने का नाही सांगितलं? मग लाज वाटली, आणि तिच्या तोंडाकडे बघवेना. लोकांनी हिला नावं ठेवली तेव्हा आपणही त्यांच्यात बसून हसलो होतो.

तो बाहेर आला. इंजिन बंद करून गार होऊ दिलं. मग ओकायलेला पुन्हा चालू करायला लावून मागच्या पाइपाच्या तोंडात ओला बोळा दाबला, आणि देदेईला म्हणाला, "हा धर घट्ट." स्वतः साबणाचं पाणी घेऊन खाली शिरला. आयुष्यात ज्या कामाला तो नवशिक्यांचं काम म्हणत आला ते करत, एकेक जोड साबणाने माखत पुढे सरकला. इंजिनाला पाइप मिळतो तिथे फेस भसाभसा फुगला. गॅस्केट जळालेलं आणि एक बोल्ट तुटून पडलेला. डब्याचं भोक खरं होतं, पण ते धाकटं दुखणं. थोरलं पुढेच बसलं होतं.

तुटका बोल्ट काढण्यात दुपार गेली. नवं गॅस्केट बसलं, बोल्ट आवळले, व्हॅन चालू झाली. लार्तेची मान सवयीने तिरकी झाली. त्याने ती सरळ केली आणि बायकोकडे वळला.

"ऐक," तो म्हणाला.

"मी? मला काय कळतंय गाडीतलं?"

"कान आहेत ना? ऐक."

देदेई बॉनेटशी वाकली. बराच वेळ ऐकत राहिली. मग दोन बोटं चिमटीसारखी धरून दाखवली: अजून आहे, बारीक. त्याने त्याच जोडाचा मागचा बोल्ट अर्धा फेरा आवळला. तिने परत ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

"नाही?"

"नाही. गेला," ती त्याला ओठ दिसतील असं सावकाश बोलली.

ओकायलेची व्हॅन चौकाकडे गेली ती परत आली नाही. मागे एक टॅक्सीवाला कधीचा ताटकळत होता. "अटा, स्टुलावर बसा, मी एक चक्कर मारून दाखवतो," तो म्हणाला.

लार्तेने हातानेच त्याला थांबवलं. शेजारच्या शिंपिणीच्या दारातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, महिना कुठला चाललाय ते विसरून, तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही बाबा. हिला ऐकव."

आणि देदेईसाठी त्याने स्टूल पुढे ओढलं.