बसवंतकाकांचं तोंड उत्तरेला

सोलापूरला उतरलो तो मित्राच्या घरी चार दिवस राहायला. मल्लिनाथने स्टेशनवरून थेट नव्या पेठेत नेलं. त्याचे चुलते, बसवंतकाका, रात्री वारले होते आणि त्यांना फेटा घ्यायचा होता. दुकानदाराने अंदाजासाठी तो माझ्याच डोक्याला गुंडाळला.

‘‘लग्न कुणाचं?’’

‘‘मयत हाय,’’ मल्लिनाथ म्हणाला.

‘‘मग हाच घ्या की. धुवायची भानगड न्हाय.’’

होटगी मागे टाकून जीप अक्कलकोटच्या बाजूला निघाली. दोन्हीकडे तूर, मधूनच उसाचा तुकडा. गावात पोचलो तेव्हा ओट्यावर एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. कपाळभर विभूती, गळ्यात हार. मी वाकून नमस्कार केला आणि प्रवास बरा झाल्याचं सांगितलं.

‘‘त्ये आता बोलायचे न्हाईत,’’ शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या.

लिंगायतांमध्ये मयताला बसवूनच पुरतात, हे मला तेव्हा कळलं.

समाधी (पुरण्याचा खड्डा) काकांच्याच रानात खणली होती. आत बसण्यासाठी कोनाडा, तोंड उत्तरेला. काकूंनी ते पाहिलं आणि त्या अडून बसल्या. उत्तरेला बांधापलीकडे काकांचे धाकटे भाऊ शिवप्पा यांचा ऊस होता. बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

‘‘जित्तेपणी ज्याच्याकडं बघितलं न्हाय, त्याच्या उसाकडं आता कायमचं बघत बसायचं?’’

अय्या (जंगम पुरोहित) म्हणाले, ‘‘रीत हाय ती, अक्का.’’

‘‘रीत तुमची. नवरा माझा.’’

मयत तिरडीऐवजी मखरात बसून उन्हात थांबलं होतं. खणणारे कोनाडा पुन्हा खणायला तयार नव्हते. खाली सगळा मुरूम होता. तेवढ्यात शिवप्पा बांध ओलांडून आले. त्यांनी चपला काढल्या, खड्ड्यात उतरले आणि कोनाड्यात मांडी घालून बसले. अय्यांनी डोळे मिटून घेतले.

‘‘वैनी, हितनं काय बी दिसत न्हाय.’’

‘‘नीट बघा.’’

‘‘बघतोय की. नुसता मुरूम हाय. ऊस न्हाय, बांध न्हाय.’’

काकूंनी थोडा विचार केला. ‘‘मग बसवा त्येंना.’’

‘‘आधी मला वर घ्या की कुणीतरी.’’

‘‘बसा जरा,’’ काकू म्हणाल्या. ‘‘घाई काय हाय?’’

मखराचे खांदेकरीसुद्धा हसले. शेवटी काकूंनीच हात पुढे केला.

काकांना उत्तरेकडे तोंड करून बसवलं. हातात इष्टलिंग, भोवती विभूती, बेलाची पानं आणि भरपूर मीठ. संध्याकाळच्या भाकरी आणि शेंगाचटणी शिवप्पांच्या घरून आल्या. काकूंनी चटणी तिखट असल्याचं सांगितलं आणि पुन्हा वाढून घेतली.

परतताना मी मल्लिनाथला विचारलं, समाधीत असं आधी कुणी बसून बघायची पद्धत आहे का?

‘‘छे. जिवंत माणूस आत बसला तर लई अशुभ मानतात,’’ तो म्हणाला. ‘‘शिवप्पाकाकांना माहीत हाय की.’’

आमच्याकडे मयताला जाळतात. तिथे भावासाठी कुणी आधी बसून पाहत नाही.