घोडं पेंड कुठे खातं

काटेमास्तरांना वीस किलोच्या खालचं काही दिसत नसे. दोष त्यांचा नव्हता, यंत्राचा होता. ट्रक तोलण्याचा वजनकाटा म्हणजे जमिनीत बसवलेली लांबरुंद लोखंडी फळी. बाजूला पाच पायऱ्या चढून एक केबिन, केबिनमध्ये आकडे दाखवणारी पेटी आणि पेटीसमोर मास्तर. भरलेला ट्रक फळीवर आला की आकडा वीस-वीसच्या उड्या मारत थांबायचा. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून हमखास म्हणायचा, "मास्तर, काटा चुकतोय." मास्तर चिठ्ठी फाडत म्हणायचे, "काट्याला ना भाऊ ना भाचा. पुढे घ्या." एकतीस वर्षांत या संवादात कुणी एक शब्द बदलला नव्हता.

बदलला तो मास्तरांचा उजवा गुडघा. केबिनच्या पाच पायऱ्या ते आता खेकड्यासारखे आडवे चढत. घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे कठडा म्हणून त्यांच्या बायकोचा डावा खांदा होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून पाहिला आणि सांगितलं, "शस्त्रक्रिया करू. पण आधी आठ किलो उतरवा. दोन महिने देतो. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने यावर उपाय म्हणून बापाच्या मोबाइलवर एक खेळ टाकला. खेळात एक तबेला, तबेल्यात एक घोडा. त्याला चारा किती, चंदी किती, फेरफटका किती, हे आपण ठरवायचं. घोडा पाचशे किलोंवर आला तरच ठरलेल्या तारखेच्या दौडीत धावणार, नाहीतर घरी बसणार.

"बाबा, दुसऱ्याचं वजन तुम्हाला छान कळतं," मुलगी म्हणाली. "आधी घोड्याचं करा. मग आपलं आपोआप जमेल."

मास्तरांनी घोड्याचं नाव साहेब ठेवलं. दिवसभर उभ्याने खातो आणि काही विचारलं की नुसती मान हलवतो, त्याला दुसरं काय म्हणणार? साहेब आले तेव्हा पाचशे बासष्ट भरत होते. मास्तरांनी त्यांची चंदी निम्मी केली, पेंड आणि गूळ बंद केला, चारा पाण्यात भिजवून द्यायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ फिरवलं. पाच आठवड्यांत साहेब पाचशे आठवर आले. बरगड्या बोटाला लागू लागल्या, असं पडद्यावर अक्षरांत लिहून आलं. मास्तरांनी ते चार ड्रायव्हरांना वाचून दाखवलं.

"घोडा वाळला हो मास्तर," त्यांतला एक म्हणाला, "पण तुमची खुर्ची अजून कुरकुरतेच आहे."

"माझंही उतरतंय. कपड्यांना जाणवतं." घरात वजनाचं यंत्र आणायला त्यांनी साफ नकार दिला होता. दिवसभर काटाच बघायचा, घरी तरी नको, हे त्यांचं म्हणणं. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडत ते पुढे म्हणाले, "आणि हे असलं वीसच्या आतलं काट्याला दिसत नाही."

त्यानंतरच्या आठवड्यात साहेब पाचशे अकरा झाले. मग पाचशे सोळा. मग तेवीस.

मास्तरांनी चंदी आणखी कमी केली, फेऱ्या वाढवल्या. साहेब एकतीसवर गेले. मास्तरांचं डोकं फिरलं. एकतीस वर्षं ज्यांनी भल्याभल्या ट्रकवाल्यांची लबाडी पकडली, त्यांना एका चित्रातल्या घोड्याने बनवावं? त्यांनी खेळाच्या कंपनीला पत्र लिहिलं, की तुमचा काटा बिघडला आहे. कंपनीने उलट टपाली कळवलं, 'आपला घोडा आनंदी आहे.' दुसऱ्या पत्रात मास्तरांनी थोडे कडक शब्द वापरले. उत्तर तेच. तिसऱ्या पत्रातले शब्द इथे देता येत नाहीत. त्यावर मात्र कंपनीने लिहिलं, 'आपला घोडा अतिशय आनंदी आहे. खाण्याची नोंद पाहावी.'

नोंदीचं पान आहे हे मास्तरांना माहीतच नव्हतं. त्यांनी ते उघडलं. गेले पंधरा दिवस, रोज संध्याकाळी सातच्या सुमारास: पेंड, दोन वाट्या. पेंड, तीन वाट्या. बुधवारी तर पाच.

"हे घोडं पेंड खातंय कुठे?" मास्तर केबिनमध्ये एकटेच म्हणाले. भाषेत हा वाक्प्रचार कित्येक वर्षं फुकट पडून होता, त्याला असा जागेवरचा उपयोग क्वचितच मिळाला असेल.

त्यांनी मुलीला फोन लावला. "माझ्या तबेल्यात हात घालायचा नाही. दौड नऊ दिवसांवर आली आणि तू त्याला पेंड चारतेस?"

"बाबा, मी तो खेळ महिनाभर उघडलासुद्धा नाही."

"मग काय भुतं येतात का सात वाजता?"

"सात वाजता तुम्ही कुठे असता?"

"आंघोळीला."

"घरच्या टॅबवरही तोच तबेला उघडतो," मुलगी म्हणाली. "आईला विचारा. आणि मला चोर म्हणालात, ते लक्षात ठेवीन."

त्या संध्याकाळी मास्तर तीन मजले चढले ते रागाच्या जोरावर, पण खांद्यावर हात ठेवूनच. दार लावून बायको शिलाई मशीनवर बसली. लोकांचे कपडे ढिले-घट्ट करून देण्याचं काम ती वीस वर्षं घरूनच करत होती.

"साहेबांना पेंड कोण घालतं?"

"मी." मशीन थांबलं नाही.

"का?"

"तुम्ही खाता म्हणून."

तिने खणातून बटणांचा डबा काढून त्यांच्यापुढे आपटला. डब्यात बटणं नव्हती. बिस्किटांचे कागद होते, एकावर एक, तळहाताने सपाट करून नीट रचलेले.

"धुवायला टाकलेल्या तुमच्या पँटच्या खिशांतून निघालेत. एका कागदाला एक वाटी. माप सोडून मी काही केलेलं नाही."

"अगं, पण एखादं बिस्किट..."

"एखादं? पंधरा दिवसांपूर्वी मी तुमची खाकी पँट कमरेत आवळायला घेतली. टेप लावला, तर अर्धा इंच वाढवावी लागली. म्हटलं, डोळे गेले माझे. मग खिसे तपासले." मशीन आता थांबलं होतं. "तुम्ही कंपनीला तीन पत्रं लिहिलीत. पोरीला चोर ठरवलंत. इतका संताप, त्या चित्रातल्या घोड्यासाठी. आणि रोज माझ्या खांद्यावर भार टाकून तीन मजले चढता, तेव्हा एकदा तरी विचारलंत, हा काटा काय दाखवतोय?"

"आठ-दहा ग्रॅमच्या वस्तूने..."

"ट्रकचा काटा वीसच्या आत बघत नसेल. माझा खांदा बघतो. या हाताने मला फळीवरची कात्री काढता येत नाही आता. शेजारणीला हाक मारते. तुमचा गुडघा होईल दुरुस्त. खांदा कुठून आणू?"

मास्तर रागाने न जेवता झोपले. त्यांचा राग पहिल्यांदाच कुणाच्यातरी उपयोगी पडला. पुढचे नऊ दिवस त्यांनी बिस्किटाला हात लावला नाही, तोही पश्चात्तापाने नव्हे, 'हिला दाखवतोच' म्हणून. खिसे रिकामे, तशी पेंडही बंद. तरी दौडीच्या दिवशी साहेब पाचशे एकोणीस भरले आणि घरी बसले.

त्याच दिवशी मास्तर दवाखान्यात यंत्रावर उभे राहिले. दोन महिन्यांपूर्वी चौऱ्याण्णव होते, शहाऐंशी हवे होते. आकडा ब्याण्णववर थांबला.

"काटा चुकतोय," मास्तर म्हणाले.

नर्सने वर पाहिलं. ती काही बोलायच्या आत मागून बायकोचा आवाज आला, "काट्याला ना भाऊ ना भाचा. पुढे घ्या."

डॉक्टरांनी फाइल मिटली आणि आणखी दोन महिने सांगितले. दवाखान्याच्या पायऱ्यांशी मास्तरांनी सवयीने हात पुढे केला. बायकोने पिशवी उजव्या खांद्यावरून काढून डाव्यावर टाकली आणि ती उतरून गेली. मास्तर कठडा धरून, आडवे, एकेक पायरी खाली आले. डॉक्टर, नर्स, कंपनी, बायको, सगळ्यांवर एकेका पायरीला एकेक रागावून झाले. पायऱ्या उरल्या आणि माणसं संपली.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून मशीनच्या फळीवर झटकले. "घे, बघ."

बायकोने खिशांकडे पाहिलंही नाही. गळ्यातला टेप काढून तिने त्यांच्या कमरेभोवती घातला आणि आकड्यावर अंगठा ठेवून थांबली.

"श्वास सोडा," ती म्हणाली. "पोट आत ओढून कुणाला फसवताय?"