संस्कारी पोट्टी

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत जो तो वरची खोली भाड्यानं द्यायच्या मागे लागला होता. बाबांनाही भोपाळहून बदलून आलेला एक अधिकारी हवा होता. तो बायकोला घेऊन घर पाहायला यायचा होता, त्या दिवशी मला सकाळपासून पढवलं. मी दहा वर्षांची. पाया पडायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, काही झालं तरी पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करायचं नाही. आमच्याकडे मूल म्हणजे शोकेसमध्ये पुसून ठेवलेली वस्तू होती.

चहाचा ट्रे मीच नेला. उंबरठ्यावर ठेच लागली आणि उकळता चहा बोटांवरून मनगटापर्यंत सांडला. ट्रे मी सोडला नाही. सोडला असता तर माझं काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. साहेब बाबांशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते, कप उचलायची त्यांना घाई नव्हती, आणि मी समोर वाकून उभी. आईनं पाहिलं. पाहिलं आणि डोळे वटारले. मग बाबांनी श्लोक म्हणायला लावला. तोही मी न चुकता म्हटला.

"बच्ची बहुत संस्कारी है," साहेबांच्या बाई म्हणाल्या.

खोली लागली भाड्यानं. माझ्या हाताला टरारून फोड आले. आईनं कोरफड लावली, आणि आपली पोट्टी कशी हूं की चूं करत नाही, हे पाराभर, साऱ्या मोहल्ल्यात सांगत सुटली. त्या कौतुकानं मी फुगले होते. याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. माझी चार वर्षांची लेक अंगणात पडली, गुडघा फुटला, तिनं भोकाड पसरलं. बाबा आता थकले आहेत, पण आवाज तोच. तिला म्हणाले, चूप, तुझी आई चहानं भाजली तरी रडली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, मले रडायचं होतं," मी म्हटलं.



"मंग रडली काहून नाही?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी लेकीला उचललं आणि त्यांच्या तोंडावर तिला सांगितलं, "रड तू. जोरात रड."