पुढे गेली ती जुनीच टाकी

दुष्काळाच्या त्या वर्षी कडा गावाकडच्या एका दूध संस्थेने जनावरांची छावणी उघडली होती. मी तेव्हा बीडला कॉम्प्युटर शिकवायचे. टाकीत किती पाणी उरलंय ते सांगणारा प्रोग्राम संस्थेच्या सचिवांनी मागितला, आणि मी तो माझ्या आवडत्या भाषेत लिहिला. त्या भाषेत एकदा ठरलेली किंमत बदलतच नाही. इतर भाषांत टाकीला ‘काढ’ म्हटलं की तिच्यातलंच पाणी कमी होतं. इथे मी टाकीची माहिती एकत्र ठेवणारं एक रेकॉर्ड केलं आणि ‘भर’, ‘काढ’ ही फंक्शन्स त्यातच ठेवली. ‘काढ’ म्हटलं की जुनी टाकी तशीच राहायची आणि कमी पाण्याची नवी टाकी हातात यायची. पुढच्या कामाला ती नवी द्यायची, एवढंच. त्या रचनेचा मला फार अभिमान वाटायचा.

प्रोग्राम सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी पंप बघणारे चाचा म्हणाले, "ताई, पाणी लई खाली गेलंय."

"स्क्रीनवर तर अर्धी टाकी दिसतेय, चाचा."

"मग पंपाचा आवाज कावून असा येतोय?"

मी हसले. टाकीवर चढून बघायचं मला सुचलंही नाही. सचिवांनी स्क्रीन बघितली आणि उद्याचा टँकर दुसऱ्या छावणीला द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप घरघरला आणि बंद पडला. हौदाशी जनावरं दाटली. आधी हंबरत होती, मग तेही थांबलं. एक बाई गायीच्या जिभेवर ओला पदर पिळत होती.

"त्या मशीनवाल्या तुमीच का?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. ती पुन्हा पदर पिळू लागली.

तिथेच बसून मी प्रोग्राम उघडला. संध्याकाळी जनावरांना दिलेलं पाणी वजा करणाऱ्या ओळीत नवी टाकी तयार होत होती, पण पुढे मी जुनीच दिली होती. पाच दिवस संध्याकाळचं पाणी वजाच झालं नव्हतं. नवी टाकी कुठेच वापरलेली नाही, असा इशारा कॉम्प्युटरने मला पहिल्याच दिवशी दिला होता. तो वाचूनही मी पुढे गेले होते.

टँकर वळवून आणेपर्यंत दिवस मावळला. त्या बाईची आधीच खंगलेली गाय खाली बसली होती, ती उठली नाही. ओळ मी त्याच दिवशी दुरुस्त केली. चाचांनी एका बांबूवर खुणा करून दिल्या. छावणी उठेपर्यंत मी रोज तो टाकीत सोडून बघायचे. टँकर येऊनही बांबूवरची ओल रोज थोडी थोडी खालीच सरकायची.