मंडळाच्या मालकीचा आवाज

चेलो बार्रागानला न पाहिलेला माणूस आमच्या व्हेरा गावात एखादा सापडेल, पण तिचा आवाज न ऐकलेला सापडणार नाही. कित्येक वर्षं ती रविवारच्या बाजारात टमाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले सारणाचे उंडे, विकायची. "लाल घ्या, हिरवे घ्या! गरम आहेत तोवर न्या, मग माझ्या नावानं बोटं मोडू नका!" हा पुकारा चर्चच्या आतपर्यंत जायचा आणि पाद्री प्रवचन आवरतं घ्यायचे, असं लोक चेष्टेनं म्हणत. बाई अंगानं दांडगी आणि डोक्यानं तापट. नवरा केव्हाच दुसरीबरोबर निघून गेला होता. त्याचं नाव काढलं की म्हणायची, "गेला तो गेला, जाता जाता कचऱ्याचा डबा तरी बाहेर ठेवायचा!" मुलगी नेवाडात एका हॉटेलात कामाला, आणि तिचा पोरगा बेतो आजीकडे.

मग महामारी आली. शाळा बंद झाल्या, पोरं पडद्यासमोर बसली, आणि ज्यांच्या घरी पडदाही नव्हता ती पोरं कुठेच बसली नाहीत. पुढे शाळा उघडल्या तरी कितीतरी मुलं परतलीच नाहीत. त्यांची नावं हजेरीत होती, बाकं रिकामी होती. वॉशिंग्टनहून शाळांसाठी आणीबाणीचा निधी आला. आमच्या शाळा मंडळानं त्यातून काय काय घेतलं म्हणता! हवा शुद्ध करणारी यंत्रं आली आणि भिंतीत पुरेशी वीज नाही म्हणून कोपऱ्यात झाकून ठेवली. टेबलांवर पारदर्शक भिंती आल्या, नंतर त्या पोरांनी चित्रं काढायला वापरल्या. या सगळ्या उधळपट्टीत एक काम मात्र मंडळाच्या हातून चुकून चांगलं झालं. हरवलेल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना परत आणायला त्यांनी चेलोला नोकरीवर ठेवलं.

आमच्याकडे दार वाजलं की कुणी उघडत नाही. दार वाजवणारा एक तर भाडं मागायला आलेला असतो, नाही तर कुणाला तरी न्यायला. मंडळाची आधीची माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून टकटक करत राहायची, आणि आतली माणसं श्वास रोखून जमिनीवर बसायची. चेलो दाराला हात लावत नसे. अंगणात लांब उभी राहायची, दोन्ही हात दिसतील असे धरायची आणि ओरडायची, "मी चेलो! टमालेवाली! एकटीच आहे, आणि उन्हात उभी आहे!" आणि दारं उघडायची. त्या आवाजाची भीती कुणाला वाटत नव्हती.

ओतिलियाचं दार असंच उघडलं. ओतिलिया सरहद्दीपलीकडच्या वाहाकाच्या डोंगरातली, तिथली मिश्तेक भाषा बोलणारी. स्पॅनिश तोडकंमोडकं, वाचता एक अक्षर येत नाही. बदामाच्या बागेमागे एका जुन्या ट्रेलरमध्ये ती आणि तिची अनायेली राहायच्या. अनायेलीचा बाप फिदेल गाडीच्या दंडाची तारीख होती म्हणून सरळपणे कोर्टात गेला होता. राहण्याची कागदपत्रं नाहीत म्हणून तिथल्या व्हरांड्यातूनच त्याला पकडून सरहद्दीपार धाडलं. त्या दिवसापासून त्या घरात 'कोर्ट' हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं.

अनायेली शाळेत मागे पडली होती, तिला लाज वाटत होती, आणि आईला तिला नजरेआड करायचं नव्हतं. चेलो जात राहिली. कधी गोड पाव घेऊन, कधी नुसतीच.

"पोरगी हुशार आहे, ओतिलिया. घरात ठेवून तिचं काय लोणचं घालणार आहेस?"

"तिला नेलं म्हणजे? फिदेलला नेलं तसं?"

"मी रोज सकाळी शाळेच्या फाटकात उभी असेन. तिला न्यायचं तर आधी मला न्यावं लागेल, आणि मला उचलायला चार माणसं लागतील."

ओतिलिया पहिल्यांदा हसली. दुसऱ्या आठवड्यात अनायेली शाळेत गेली. चेलो रोज फाटकात उभी राहिली, थंडीत, धुक्यात, स्वतःला बरं नसतानाही. मुलगी बोलायला लागली, गणितात पुढे गेली, दवाखान्यात आईची दुभाषी म्हणून जाऊ लागली.

निधीच्या शेवटच्या वर्षी मंडळानं चेलोला एका बंद खोलीत बसवून दिवसभर वाक्यं वाचायला लावली. आठवड्याचे वार, आकडे, नमस्कार, अभिनंदन. "तुमच्या आवाजात पालकांना छान बातम्या देऊ," म्हणाले. तिला ओशाळं हसू आलं. आयुष्यभर 'जरा हळू बोल बाई' ऐकलेल्या बाईला तिचा आवाज कुणी मागून घेतला, याचं तिला कौतुक वाटलं. सांगितलं तिथे तिनं सही केली.

सप्टेंबरअखेर आणीबाणीचा निधी संपला. आणीबाणी संपली असं वॉशिंग्टननं ठरवलं होतं. बदामाच्या बागेमागे ते कुणी कळवलं नाही. चेलोला केक कापून निरोप दिला. केकवर तिचं नाव चुकलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ती डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये लागली. पहाटे अंधारात गाडी न्यायला यायची. एक दिवस बुडवला की दुसऱ्या दिवशी यायचं नाही, हे मुकादमानं पहिल्याच सकाळी सांगून टाकलं होतं.

गावाचं काहीतरी बिनसलंय हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. कपडे धुवायच्या दुकानात तिची जिवाभावाची कोमाद्रे कुका तिला पाहून टोपली उचलून दुसऱ्या यंत्राकडे गेली. रविवारी टमाले तसेच परत आले. नोकरी गेली म्हणून लोकांना अवघडल्यासारखं होत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. हेच लोक तिचा नवरा निघून गेला तेव्हा मात्र मुळीच अवघडले नव्हते.

एका संध्याकाळी ती गरम पाण्यात पाय बुडवून बसली होती. बेतो तापानं आत निजला होता. फोन वाजला.

"नमस्कार, मी चेलो," फोन म्हणाला. "तुमचं मूल आज शाळेत आलं नाही. हे असंच चालू राहिलं, तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. शुभ संध्याकाळ."

तिचाच आवाज होता. 'मूल' म्हणताना तो जरा खाली उतरतो, तसाच उतरला होता. आणि 'कोर्ट' हा शब्द तिनं त्या बंद खोलीत कधीच वाचला नव्हता.

"कोण गं तू?" चेलो फोनवर गरजली. "सकाळीच कळवलंय मी ताप आलाय म्हणून! कुणाला कोर्टाची धमकी देतेस, भवाने!"

"आजी, कुणाशी भांडतेस?" आतून बेतो.

"माझ्याशीच!"

ती ओल्या पायांनीच कुकाच्या घरी गेली. कुका दारात हाताची घडी घालून उभी राहिली. "आता का आलीस? आम्हाला कोर्टात न्यायला? रोज फोन करतेस, घसा नाही का बसत?"

"कुका, मी शेडमध्ये डाळिंबं निवडते. मी कशाला फोन करू?"

"आवाज तुझाच आहे ना?"

चेलो पाय आपटत माघारी फिरली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

डाळिंबं भिजली म्हणून एक दिवस शेड बंद राहिली, त्या दिवशी ती मंडळाच्या कचेरीत गेली. मिसेस लिंडग्रेन तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडायला समोर कुणी तरी असतं.

"तुमच्या आवाजावर पालकांचा इतका विश्वास आहे," लिंडग्रेनबाई कौतुकानं म्हणाल्या. "म्हणून तर तो ठेवला."

"तो काढा. आजच्या आज."

"तसं करता येणार नाही. सेवेचा करार पुढच्या काही वर्षांचा आहे. पैसे आगाऊ भरलेत."

"मला का नाही भरले आगाऊ?"

"माणसाचा पगार आगाऊ देता येत नाही, चेलो. निधी सप्टेंबरला संपत होता. उरलेला खर्च केला नसता तर परत गेला असता. सेवा मात्र मुदतीआधी विकत घेऊन ठेवता येते. नियमच तसा आहे."

"म्हणजे चेलो सप्टेंबरात संपली, आणि चेलोचा घसा अजून वर्षानुवर्षं चालणार?"

"असं का बोलता? यंत्र एका संध्याकाळी सगळ्या घरांशी बोलतं. तुम्ही दिवसात किती घरं करायचात?"

"मी घरं 'करत' नव्हते, बाई. मी त्यांच्याकडे बसत होते! आणि कोर्ट हा शब्द मी कधी उच्चारला? सांगा ना, कधी उच्चारला?"

"यंत्राला आवाज एकदा कळला की ते कुठलंही वाक्य बोलू शकतं. मजकूर कायद्याला धरून आहे." लिंडग्रेनबाईंनी आवाज मऊ केला. "आवाज तुमचाच आहे, कोण नाही म्हणतं? पण रेकॉर्डिंग मंडळाच्या मालकीचं आहे. त्या निधीतून घेतलेल्या बाकी वस्तूंसारखंच."

कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं एक यंत्र उभं होतं, बंदच, वर कुणाची तरी छत्री ठेवलेली. त्यावर मंडळाच्या मालमत्तेचं स्टिकर होतं. चेलो उठली, नखानं खरवडून तिनं ते काढलं, आणि स्वतःच्या गळ्यावर चिकटवलं.

"घ्या. आता मला गोदामात कुठं ठेवायचं ते सांगा."

चेलो ते स्टिकर तसंच लावून भर रस्त्यानं निघाली. पेट्रोल पंपावरची पोरं हसली. तिनं त्यांना अशी शिवी घातली, की पंपाच्या मालकानं बाहेर येऊन टोपी काढली. चीड ओकायला तिला साऱ्या गावात तेवढी पोरंच मिळाली. चोरी करणाऱ्याला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असतं. इथं बाईचा आवाज उचलून नेला, त्याच्या तोंडी धमकी घातली, आणि वर म्हणतात की विश्वास होता म्हणून उचलला.

तिथून ती थेट बदामाच्या बागेमागे गेली. फोन ओतिलियाकडेही गेले असतील, ही धास्ती तिला त्या संध्याकाळपासूनच होती. नेहमीसारखी लांब उभी राहिली, हात दिसतील असे धरले आणि ओरडली, "मी चेलो!"

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ती पुन्हा ओरडायला गेली आणि थांबली. ज्या आवाजानं हे दार उघडायचं, त्याच आवाजानं ते आता बंद होत होतं. मग ती अंगणातल्या एका विटेच्या ठोकळ्यावर गप्प बसून राहिली. चेलो बार्रागान गप्प बसली, हे गावात सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. बऱ्याच वेळानं पडदा हलला. अनायेलीनं तिला पाहिलं, तिच्या गळ्यावरचा चिकटवलेला चौकोन पाहिला, आणि दार उघडलं.

आत ओतिलिया पाठ भिंतीला लावून उभी होती. "तू म्हणालीस कोर्ट," ती म्हणाली. "एक दिवस मी आजारी. मुलगी माझ्याबरोबर दवाखान्यात. संध्याकाळी तू म्हणालीस कोर्ट."

"आणि मग तू तिला पाठवणं थांबवलंस."

"शाळेला घर माहीत. कोर्टाला घर माहीत. मुलगी इथेच बरी."

"आणि ती येत नाही म्हणून फोन येत राहिले." चेलोनं डोकं धरलं. "ओतिलिया, ती मी नव्हे. ते यंत्र आहे. माझा आवाज त्यांनी यंत्रात घातलाय."

ओतिलिया ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आवाज यंत्रात घालतात म्हणजे काय करतात? सांगणारीचा आवाजही तोच.

तेवढ्यात फोन वाजला. अनायेलीनं तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला. "नमस्कार, मी चेलो," फोन म्हणाला. खरी चेलो ओठ मिटून बसली होती. ओतिलिया एकदा फोनकडे पाहत होती, एकदा त्या मिटलेल्या ओठांकडे. फोन कोर्टाचं बोलला, शुभ संध्याकाळ म्हणाला.

"ती इथे बसलीय!" अनायेली फोनवर ओरडली. "आमच्या घरात बसलीय! तू कोण आहेस?" फोन तोवर बंद झाला होता.

ओतिलिया हळूहळू खाली बसली. तिनं चेलोचा हात धरला. मग चुलीवरचं दालचिनीच्या कॉफीचं भांडं पुढे ओढलं, पेला भरला. "माझी चूक," ती म्हणाली.

"तुझी नाही! तुझी चूक कशी होईल? चूक ज्यांची आहे ते तिकडे केक कापतायत!" चेलोचा आवाज पत्र्याला लागून घुमला. आता मात्र कुणी दचकलं नाही.

अनायेलीनं पलंगाखालून शाळेचे बूट काढले होते. त्यांवरची धूळ ती बोटांनी पुसत होती.

"उद्या जाऊ दे तिला," चेलो म्हणाली.

ओतिलियानं विचार केला. "जाईल," ती म्हणाली. "तू फाटकात उभी राहिलीस तर. तू म्हणजे तू. मला आता ऐकून कळत नाही, मुलीलाही कळायचं नाही. दिसलीस तर कळेल. उद्या येशील, दोन्या चेलो?" तिनं मानानं विचारलं.

पहाटे गाडी येणार होती. मुकादम एक दिवसही माफ करणार नव्हता, आणि घरी बेतो होता. त्या दारात खोटं बोलून चेलो आजवर कधीच आत गेली नव्हती.

"उद्या नाही, गं," ती म्हणाली. "शेडमध्ये कामावर जायचंय मला."

"मग परवा?"

"परवाही."

ओतिलियानं मान हलवली. रागावली नाही. मुलीच्या हातातले बूट तिनं हलकेच काढून घेतले आणि परत पलंगाखाली सरकवले.